दोन मिनिटांची परवानगी

शुक्रवारी संध्याकाळी मोआगी न बोलावता जेवायला आला आणि जेवण झाल्यावर भांडीही घासायला उठला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारी काहीतरी मागायला आलीय.

"ठेव ती भांडी," मी म्हटलं. "काय हवंय ते बोल."

"काही नाही गं आत्या. तुझ्या हातची पालेभाजी किती दिवसांत खाल्ली नव्हती."

"मंगळवारी खाल्लीस. बोल."

मोआगी माझ्या भावाचा मुलगा. भाऊ आणि वहिनी एका वर्षाच्या आत गेले तेव्हा हा चार वर्षांचा होता. तेव्हापासून माझ्याच घरात वाढला. आता सत्तावीस वर्षांचा घोडा झालाय आणि एका इंजिनाचं छोटं विमान चालवतो. ओकावांगो नदीच्या दलदलीतल्या पर्यटकांच्या कॅम्पांवर पाहुणे नेतो, पाव नेतो, कोबी नेतो, येताना कुणाचा बिघडलेला पंप आणतो. आणि मी विमानतळाच्या टॉवरमध्ये बसते, तिथे मला चोवीस वर्षं झाली. रडार-बिडार आमच्याकडे नाही. एक दुर्बीण आहे, एक रेडिओ आहे आणि मी आहे. छोट्या विमानांचे पायलट मला मा तीरो म्हणतात, बाईला मा आणि पुरुषाला रा अशी आमची रीत; पाठीमागे काय म्हणतात तेही मला माहीत आहे.

"उद्या म्हाताऱ्याला पोचवायचंय," मोआगी म्हणाला.

म्हातारा म्हणजे रा मोत्शेग्वा. आमच्या गावातलं एकही छोटं विमान असं नव्हतं की ज्याच्या पोटात या माणसाचे हात गेले नव्हते. एकतीस वर्षं मेकॅनिक होता. छातीत कळ येऊन हँगरमध्येच गेला. शनिवारी सकाळी माती द्यायची, आमच्याकडे असते तशी.

"सगळ्या पायलटांचं ठरलंय," तो म्हणाला. "पेटी खड्ड्यात उतरली की एका विमानाने वरून जायचं. ते मी नेणार." त्याने साबणाचा हात टेबलावरून सपाट नेला आणि एकदम छताकडे उचलला. "आणि मग असा निरोप."

हा निरोप मला ठाऊक होता. आमच्या पायलटांची रीत आहे ती. कबरीवरून अगदी कमी उंचीवरून जायचं आणि पुढे गेलं की नाक वर करून सरळ आभाळात चढायचं. माणूस वर गेला, त्याला तेवढी सोबत करायची म्हणून. आतापर्यंत चार वेळा झालं होतं आणि चारही वेळा मी दुर्बिणीतून बघत रडले होते. पण आमचं मोठं विमान दुपारी येतं, सकाळी आभाळ आमचंच असतं. उद्या तसं नव्हतं. शुक्रवारचं मोठं विमान बिघाडामुळे आलंच नव्हतं आणि ते शनिवारी सकाळी सात पन्नासला येणार होतं. कबरस्तान विमानतळाच्या पश्चिमेला चार मैलांवर, नेमकं ते उतरतं त्या वाटेखाली.

"राजधानीला पत्र टाकावं लागतं," मी म्हटलं. "दहा दिवस आधी."

"म्हातारा थांबला असता दहा दिवस, पण कुणी विचारलं नाही त्याला."

"थोबाड फोडीन. उद्या मोठं विमान येतंय, सात पन्नासला."

"आम्ही सातला मोकळे."

"मातीचा कार्यक्रम वेळेवर संपलेला तू तुझ्या जन्मात पाहिलायस का रे?"

तो हसला आणि ओल्या हातांनी माझे दोन्ही खांदे धरले. "आत्या. म्हाताऱ्याने माझं इंजिन दोनदा वाचवलंय. एकदा तर हवेत असताना रेडिओवरून सांगून. दहा मिनिटांचं काम आहे."

मी हो म्हटलं. कागद नाही, पत्र नाही, कुणाला विचारणं नाही. नको म्हणता आलं नाही म्हणून हो म्हटलं.

सकाळी सव्वासहाला मी टॉवरवर चढले तेव्हा सगळीकडे धूर होता. ऑगस्टमध्ये लोक दलदलीच्या कडेचे वेत पेटवून देतात, आणि वारा पडला की तो धूर जागचा हलत नाही. रनवेच्या पश्चिम टोकापर्यंत दिसत होतं, त्यापुढे नुसता पिवळट गढूळपणा. शनिवारची सकाळ म्हणून माझा मदतनीसही दहाला यायचा होता.

माती द्यायला गेलेल्यांत आमचा बाशी होता. बाशी पेट्रोल भरतो. त्याच्याजवळ कंपनीचा हातातला रेडिओ दिला होता, पायलट लोक आपसांत ज्या चॅनलवर गप्पा मारतात त्या चॅनलचा. पेटी उतरली की बाशी त्यावर मोआगीला सांगणार. मी साडेसहाला बाशीला फोन केला.

"अजून घरीच आहोत, मा तीरो," तो कुजबुजला. "भाषणं चाललीत."

"किती राहिलीत?"

"शेजाऱ्यांतर्फे झालं, कामाच्या ठिकाणातर्फे झालं. आता मामा उठलेत."

"मामा बसणार कधी?"

"मामांना कोण बसवणार?"

सहा पन्नासला मामा बोलतच होते. सात वाजून पाच मिनिटांनी गाड्या निघाल्या. सात चौदाला मोआगी उडाला, मला म्हणाला, "टॉवर, सुप्रभात," अगदी परक्यासारखं, कारण रेडिओवरचं सगळं टेप होतं. मी पण परक्यासारखं उत्तर दिलं. तो पश्चिमेला गेला आणि धुरात दिसेनासा झाला. कबरस्तानापासून जरा बाजूला, जमिनीपासून पाचशे फुटांवर घिरट्या घालत राहिला.

सात सव्वीसला त्याचा आवाज आला. "टॉवर, दोन मिनिटं दुसऱ्या चॅनलवर जाऊ का? खालून हाक येणार आहे."

त्याच्या विमानात खरं तर दोन रेडिओ. दुसरा तीन आठवड्यांपासून म्हाताऱ्याच्या टेबलावर उघडा पडला होता, आणि तो दुरुस्त करणारा आता पेटीत होता. एकच रेडिओ म्हणजे एका वेळी एकच चॅनल. तिकडे गेला की तो मला ऐकणार नाही.

मी घड्याळ पाहिलं. सात पन्नासला चोवीस मिनिटं होती.

"दोन मिनिटं," मी म्हटलं. "मग लगेच परत माझ्याकडे."

दोनाची तीन झाली, तीनाची पाच. सात एकतीसला रेडिओ वाजला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण तो मोआगी नव्हता. मोठ्या विमानाचा कॅप्टन होता.

"सुप्रभात, टॉवर. वारा पाठीशी मिळाला, जरा लवकर आलोय. बारा मैलांवर आहे, पश्चिमेकडून सरळ उतरायला येतोय. एकसष्ट प्रवासी."

जरा लवकर म्हणे! पंधरा मिनिटं!

आता खरं ते सांगते. इतकी वर्षं मी नव्या मुलांना शिकवत आलेय की शंका आली की विमान वर पाठवा, कारणं नंतर शोधा. दोन शब्द होते. वर राहा. कॅप्टन वर राहिला असता, दोन घिरट्या घातल्या असत्या, चिडला असता, बस्स. पण वर पाठवलं की ते लिहावं लागतं. लिहिलं की का ते विचारतात. का म्हटलं की मोआगी, मोआगी म्हटलं की बिनकागदाची परवानगी, आणि त्याचं लायसन गेलं. हे सगळं एका श्वासात माझ्या डोक्यातून गेलं आणि मी भ्याले. कागदाला भ्याले मी.

"ऐकलं," मी कॅप्टनला म्हटलं. "येत राहा. चार मैलांवर आलात की कळवा."

आणि मी फोन उचलला. बाशी दोन हाका मारून मोआगीला हाकलेल, मोआगी एका मिनिटात वाटेतून बाजूला होईल, कुणाला काही कळणार नाही. असा माझा हिशेब.

बाशीचा फोन वाजत राहिला. ठेवला, परत लावला. परत वाजत राहिला.

नंतर कळलं ते असं. त्या वेळी पास्टरांची प्रार्थना चालू होती. कबरस्तानात पुरुषाला कोटाशिवाय जाता येत नाही, बाशीने मेव्हण्याचा कोट मागून आणला होता, तो त्याला दोन मापं मोठा. फोन मुका करून आतल्या खिशात, वरून तिन्ही बटणं लावलेली. छातीवर फोन थरथरत होता ते त्याला कळत होतं. पण माना खाली आहेत, डोळे मिटलेले आहेत, पेटी दोरांवर आहे आणि अशा वेळी खिशातून फोन काढणारा माणूस आमच्या गावात अजून जन्मायचाय. हातातला रेडिओही त्याने आवाज बंद करून धरला होता, मध्येच खरखर नको म्हणून. मोआगीने दोनदा विचारलं होतं, अजून किती वेळ. ते बाशीला ऐकूच गेलं नाही. आणि मोआगी, आता हाक येईल मग हाक येईल, म्हणून त्या चॅनलवरून हलला नाही.

मी अकरा वेळा फोन लावला. एकदा तर पास्टरांना लावला, काय सांगू! मोआगीला रेडिओवर हाका मारत होते, त्याला जाणार नाहीत हे माहीत असून. "मोआगी, ऐक. मोआगी, बाजूला हो बाळा." बाळा म्हटलं मी, टेपवर आहे ते.

धुरात काही दिसत नव्हतं. दुर्बीण डोळ्यांना लावली की नुसता पिवळा रंग. मनाला सांगत होते, तो पाचशेवर आहे, मोठं विमान तिथून जाईल ते बाराशेवरून. सातशे फूट मध्ये आहेत. सातशे फूट म्हणजे पुष्कळ झाले. खाली खाली राहा माझ्या राजा, आहेस तिथेच राहा.

"टॉवर, पाच मैल," कॅप्टन म्हणाला. "ऊन थेट डोळ्यांवर आहे आणि धूर बराच आहे. रनवे अजून दिसत नाही."

त्याच क्षणी माझा फोन थरथरला. बाशीचा संदेश. प्रार्थना संपली होती, त्याने खिशातून फोन काढला होता आणि माझे अकरा फोन बघून लिहिलं होतं: काळजी नको, पेटी उतरली, सांगितलं त्याला, येतोय.

मला टेबलावरून सपाट जाणारा साबणाचा हात दिसला. आणि तो छताकडे उचललेला हात.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही, टेपवर ऐकलं नंतर. विमानाचं नावसुद्धा अर्धवट घेतलंय मी. "वर घ्या, आत्ता वर घ्या, उजवीकडे वळा, वर, वर, वर!"

कॅप्टन शहाणा माणूस. त्याने का म्हणून विचारलं नाही. पण मोठं विमान म्हणजे काही मोटारसायकल नाही. इंजिनं जोर धरेपर्यंत ते खालीच येत राहतं, मग कुठे नाक उचलतं. तेवढे सहा-सात सेकंद मी काचेला कपाळ लावून उभी होते आणि कान धुराकडे. आपटल्याचा आवाज चार मैलांवरून यायला वीस सेकंद लागतात. मी मोजले. वीस मोजले, तीस मोजले, साठ मोजले. आवाज आला नाही. मी खुर्ची न बघता बसले आणि खाली जमिनीवर पडले.

"टॉवर, वर चाललोय," कॅप्टनचा आवाज आला. "काय झालं होतं?"

त्याला काही दिसलं नव्हतं. ऊन, धूर, वर उचललेलं नाक. मोआगीच्या त्या जुन्या खटाऱ्यात, दुसऱ्या विमानाला सावध करतं ते यंत्र कधी बसवलंच नव्हतं, त्यामुळे कॅप्टनचं यंत्रही गप्प राहिलं. म्हणजे हे जगात फक्त मला कळलं होतं, आणि मोआगी जिवंत असेल तर त्याला.

"रनवेवर गाढवं आली होती," मी म्हटलं.

कॅप्टन हसला. "तुमच्याकडचं नेहमीचंच. ठीक आहे, फिरून येतो."

लगेच दुसरा आवाज आला. बारीक, घोगरा. "टॉवर... मी परत तुमच्या चॅनलवर आलोय."

मी माईकवर हात ठेवून हमसून हमसून रडले. मग हात काढला आणि म्हटलं, "उतरा. पहिला नंबर तुमचा."

दहा वाजता मदतनीस आला आणि मी तशीच म्हाताऱ्याच्या घरी गेले. अंगणात मंडप, तीन पायांच्या मोठ्या भांड्यांतून कुटलेलं मांस वाढणं चालू होतं. मला बघून बायका उठल्या. म्हाताऱ्याची बायको शालीत गुंडाळून चटईवर बसली होती, तिने माझे दोन्ही हात धरले.

"मा तीरो," ती म्हणाली, "मोठं विमानसुद्धा आणलंस गं तू. एकाच्या वर एक, दोन्ही आभाळात चढली. खाली सगळ्यांच्या शाली उडाल्या. एका मेकॅनिकसाठी एवढं कुणी करतं का?"

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. कुणी माझ्या गालाला हात लावला. मी वाटी घेऊन मोआगीच्या शेजारी जाऊन बसले.

तो खात होता. व्यवस्थित खात होता.

"किती जवळून?" मी हळूच विचारलं.

"त्याच्या पोटावर तेलाची रेघ आहे, डाव्या चाकापासून मागे गेलेली," तो म्हणाला. "मला तिला हात लावता आला असता, आत्या. मग त्याच्या हवेने मला पालथं केलं. कबरीच्या वर सरळ झालो कसाबसा." त्याने पाणी प्यायलं. "गाढवं! काय सुचलं गं तुला! मी ऐकलं ते. मानलं बुवा."

"मोआगी, एकसष्ट माणसं होती त्यात."

"माहितीये. पण झालं का काही? नाही ना?"

तेवढ्यात पलीकडच्या वस्तीतला एक गृहस्थ खुर्ची ओढून आला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मंगळवारी त्याची थोरली काकू गेली होती. पुढच्या शनिवारी माती.

"काकूला विमानांचं फार होतं," तो मोआगीला म्हणाला. "तू येशील का वरून? आणि ते मोठं... ते पण जमेल का?"

मोआगीने तोंडातला घास संपवला. "ते आत्याच्या हातात आहे," असं म्हणाला आणि त्याने मला डोळा मारला.

रात्रभर जागून, ताप उतरवून, शाळेत ओढत नेऊन वाढवलेलं पोर ते. तीन तासांपूर्वी मी त्याच्या आपटण्याचा आवाज ऐकण्यासाठी सेकंद मोजत होते. आणि ते मला डोळा मारत होतं! तेव्हा मला लख्ख दिसलं की हा पुढच्या शनिवारी जाणार, त्याच्या पुढच्या शनिवारी जाणार, आणि एके दिवशी मी मोजत असताना आवाज येणार. कारण मीच त्याला शिकवलं होतं की काही झालं तर आत्या गाढवं शोधून देते.

मी उठून उभी राहिले.

"ऐका सगळे," मी म्हटलं. "मोठं विमान म्हाताऱ्यासाठी आलं नव्हतं."

मोआगीने माझा स्कर्ट खेचला. "आत्या, बस खाली."

"ते उतरायला आलं होतं. माझ्या चुकीने ते याच्या अंगावर आलं. दोन्ही विमानं तुमच्या डोक्यावर कोसळायची ती थोडक्यात राहिली. हे मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगते."

फोन काढला तो तिथेच, सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर मागे फिरता येऊ नये. मोठं विमान साडेअकराला परत उडणार होतं, कॅप्टन विमानतळावरच होता. काउंटरवरच्या मुलीने त्याला फोनवर बोलावलं.

"कॅप्टन, टॉवरवरची मा तीरो बोलतेय. सकाळी रनवेवर गाढवं नव्हती."

मग मी सगळं सांगितलं, परवानगीपासून. तो म्हणाला, "माझी बायको होती आज विमानात." आणि मग, अगदी शांतपणे, "पायलटचं नाव सांगा."

मोआगी माझ्यासमोर उभा होता. त्याने मान हलवली, नको म्हणून. लहानपणी सुईला घाबरून हलवायचा तशी. त्याचे डोळे भरले होते. मी त्याचं नाव सांगितलं, आडनावासकट, आणि मग माझं.

त्याचं लायसन दोन वर्षांसाठी गेलं. मला टॉवरमधून काढलं, आता मी खालच्या खोलीत तक्ते भरते. रा मोत्शेग्वाची बायको मी दिसले की शाल तोंडापुढे ओढून घेते. तिचं मी काही करू शकत नाही.

मोआगी हँगरमध्ये विमानं धुतो. रोज सकाळी माझ्या खिडकीवरून जातो. आमच्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही रामराम केल्याशिवाय पुढे जात नाहीत. पहारेकऱ्याला करतो, बाशीला करतो, झाडूवालीला थांबून तिच्या पोरांची विचारपूस करतो. माझ्या खिडकीशी आला की समोर बघतो आणि चालत राहतो. पहिल्या आठवड्यात मी दोनदा हाक मारली, आता मारत नाही. नको बोलूस बाबा. वीस वर्षं नको बोलूस. मी आपली सात वाजता खिडकीशी उभी राहते आणि तो कोपऱ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचे जमिनीवरचे पाय बघते.